क्रूझवरच्या मुलांच्या क्लबांचे वयोगट: या रेषा आल्या कुठून?

कौटुंबिक क्रूझवर मुलांचे क्लब असतात, जिथे जहाजाचे कर्मचारी मुलांना सांभाळतात आणि खेळवतात. तिथे मुलांना कुठल्या गटात घ्यायचं, याचा तक्ता प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. कार्निव्हलच्या कॅम्प ओशनमध्ये २ ते ५, ६ ते ८ आणि ९ ते ११ असे तीन गट आहेत. पुढे १२ ते १४ साठी सर्कल सी आणि १५ ते १७ साठी क्लब ओ-टू. नॉर्वेजियनच्या स्प्लॅश अकॅडमीत ३ ते ५, ६ ते ९, १० ते १२ आणि मग थेट १३ ते १७. प्रिन्सेसकडे ३ ते ७, ८ ते १२, १३ ते १७. एमएससीकडे ३ ते ६, ७ ते ११, १२ ते १४, १५ ते १७. त्यामुळे अकरा वर्षांची मुलगी कार्निव्हलवर लहानांच्या क्लबातली सर्वांत मोठी ठरते, नॉर्वेजियनवर आपल्या गटात मधली, तर डिस्नेच्या ११ ते १४ साठीच्या एज या क्लबात सर्वांत धाकटी. मुलगी तीच, पण तिचा आठवडा तीन जहाजांवर तीन तऱ्हांनी जातो.

हे तक्ते बालमानसशास्त्राच्या एखाद्या पुस्तकातून उतरवलेले नाहीत. त्यातली प्रत्येक रेषा वेगळ्या काळात, वेगळ्या अडचणीतून आली आहे. एक रेषा स्वच्छतेच्या नियमांची, एक शाळेची, एक जबाबदारीची, एक किशोरवयीन मुलांच्या नाराजीची. कुठली रेषा कशासाठी आली हे कळलं, की कर्मचारी कुठे थोडं सांभाळून घेऊ शकतात आणि कुठे त्यांचे हात बांधलेले असतात, याचाही अंदाज येतो.

अटलांटिक पार करणाऱ्या जुन्या प्रवासी जहाजांवर मुलांसाठी खोल्या होत्या, पण वयोगट जवळपास नव्हते. तिथे विभागणी तिकिटाच्या वर्गाची होती. १९३५ च्या फ्रेंच ‘नॉर्मंडी’वर मुलांचं वेगळं भोजनगृह होतं आणि त्याच्या भिंती बाबार हत्तीच्या चित्रांनी रंगवलेल्या होत्या. १९३६ च्या ‘क्वीन मेरी’वरही मुलांच्या खेळखोल्या वर्गानुसार वेगळ्या होत्या. वरच्या वर्गातलं तीन वर्षांचं आणि दहा वर्षांचं मूल एकाच खोलीत खेळे; खालच्या वर्गातल्या समवयस्काशी मात्र त्यांची गाठ पडत नसे. वयाचा प्रश्न यायचा तो मुख्यतः भाड्याच्या हिशेबात.

ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली आणि जहाजाने ‘पोहोचण्याचा’ धंदा झपाट्याने आटला. रॉयल कॅरिबियन (१९६८) आणि कार्निव्हल (१९७२) या कंपन्या उभ्या राहिल्या त्या जहाजावरच सुट्टी घालवण्याच्या कल्पनेवर. सुरुवातीचे ग्राहक मुख्यतः मोठी माणसं होती. मुलं असली तर सुट्टीच्या हंगामात, आणि त्यांच्यासाठी एखादी कामचलाऊ खोली पुरे. १९८० च्या दशकात प्रीमियर क्रूझ लाइन्सने फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनाव्हरलहून लाल रंगाची जहाजं सोडली, डिस्ने वर्ल्डच्या सहलीला क्रूझ जोडून विकली, आणि कुटुंब हेच आपलं गिऱ्हाईक असं उघडपणे ठरवलं. जहाजावर मुलांची संख्या खरोखर मोठी झाली, तेव्हाच त्यांना गटांत वाटणं अपरिहार्य झालं. दहा मुलं एका खोलीत सांभाळता येतात. शंभर मुलं आली, की चार वर्षांच्या मुलाच्या अंगावर अकरा वर्षांचं मूल धावत येऊन आदळतं.

१९९८ मध्ये ‘डिस्ने मॅजिक’ निघालं तेव्हा जवळजवळ एक संपूर्ण डेक मुलांसाठी राखलेला होता. धाकट्यांसाठी ओशनियर क्लब, मोठ्यांसाठी ओशनियर लॅब, आणि किशोरांसाठी या दोन्हींपासून दूर, कॉफी शॉपच्या धर्तीवरची जागा. इथून पुढे वयोगट ही जहाजाच्या आराखड्यातच आखण्याची गोष्ट झाली, आणि इतर मोठ्या कंपन्यांनाही त्याच मापात उतरावं लागलं.

सर्वांत कडक रेषा तिसऱ्या वर्षाची. बहुतेक कंपन्या तीन वर्षं पूर्ण आणि शौचालयाची सवय झालेली, अशा दोन्ही अटी घालतात. पुल-अप, म्हणजे चड्डीसारखा ओढून घालायचा डायपरसुद्धा चालत नाही. नियमाच्या दृष्टीने तो डायपरच. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या मोठ्या जहाजांची स्वच्छता तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा व्हेसल सॅनिटेशन प्रोग्राम (जहाज-स्वच्छता कार्यक्रम) तपासतो. १०० पैकी गुण देतात. ८५ किंवा कमी मिळाले तर जहाज नापास. मुलांच्या क्लबांसाठी त्यात वेगळा भाग आहे. हात धुण्याची जागा शौचालयाच्या बाहेर आणि मध्ये दार नसलेली हवी, बेसिन डेकपासून जास्तीत जास्त ५६० मिलिमीटर उंचीवर हवं किंवा खाली पक्कं पायटं हवं. मुलांच्या मापाच्या कमोडची उंची सीटसकट २८० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. डायपर बदलायचे असतील तर त्यासाठी वेगळी, धुता येणारी जागा आणि लगत हात धुण्याची सोय लागते. ज्या क्लबात ही सोय बांधलेलीच नाही, तिथे पावणेतीन वर्षांचं कितीही समंजस मूल आणलं तरी कर्मचाऱ्याला हो म्हणता येत नाही. कार्निव्हल दोन वर्षांपासूनची मुलं घेते आणि डायपरही बदलते, कारण तशी जागा आणि तशी माणसं ठेवायचं तिने ठरवलं आहे.

यात आणखी एक कारण आहे, आणि ते मला स्वच्छतेइतकंच महत्त्वाचं वाटतं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी क्लबातली माणसं मुलाला शौचालयात आतून मदत करणं टाळतात. म्हणून ‘सवय झाली आहे’ याचा क्लबातला अर्थ घरच्यापेक्षा कडक आहे: मुलाने स्वतः सांगायचं, स्वतः जायचं, स्वतः पुसायचं, कपडे वर ओढायचे आणि हात धुवायचे. घरी आई ‘शू आली का?’ असं दर तासाला विचारते म्हणून कोरडं राहणारं मूल क्लबात रंगात हात घालून बसलं की विसरतं. कपडे ओले झाले की पालकांना बोलावणं येतं, आणि तसं वारंवार घडलं तर त्या मुलाचं क्लबात येणं बंद होऊ शकतं. क्लबात पाठवण्याआधी मुलाला न आठवण करता चार-पाच तास राहता येतं का, आणि बटणं-पट्ट्याशिवायच्या इलॅस्टिकच्या चड्डीत त्याचं काम स्वतःचं स्वतः भागतं का, हे बघून ठेवावं.

पोहण्याच्या तलावांची गोष्टही याच रेषेला जोडलेली. सीडीसीच्या मार्गदर्शनाप्रमाणे पाण्यात पातळ शौच झाली, तर क्लोरीनचं प्रमाण २० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत २०) नेऊन १२.७५ तास तसंच ठेवावं लागतं, तोवर तलाव बंद. समुद्रात असलेल्या जहाजावर म्हणजे सगळ्या प्रवाशांचा अख्खा दिवस गेला. म्हणून स्विम-डायपर घातलेल्या मुलांना मुख्य तलावात उतरू देत नाहीत; लहानग्यांसाठी वेगळी गाळणव्यवस्था असलेली जागा असेल तर तिथेच.

तीनच्या खाली नर्सरी. डिस्ने आणि रॉयल कॅरिबियन सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची बाळं घेतात, पण तासाच्या दराने आणि जागा असेल तरच. सहा महिन्यांची ही मर्यादा मुळात प्रवासाचीच आहे: जहाजावरच्या दवाखान्यात तान्ह्या बाळाच्या गंभीर आजारासाठी रुग्णालयाइतकी साधनं नसतात, आणि किनारा दूर असतो. लांब समुद्री टप्प्यांच्या फेऱ्यांवर तीच मर्यादा बारा महिन्यांची होते. नर्सरी महाग आणि जागा मोजक्या, कारण माणसं जास्त लागतात. इंग्लंडमधल्या पाळणाघरांचे नियम पाहिले तर हिशेब लगेच लक्षात येतो: दोन वर्षांखालच्या तीन बाळांमागे एक व्यक्ती, दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक (सप्टेंबर २०२३ पर्यंत चारांमागे एक), तीन वर्षांपुढे आठांमागे एक. जहाजांना हे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण वय वाढलं की गट मोठा करता येतो हे गणित सगळीकडे तेच. तिसऱ्या वर्षाला क्लब मोफत होतो, त्यामागे हेही आहे.

पाच-सहाची रेषा शाळेची. वाचता येणं, सूचना ऐकून खेळाचा नियम पाळणं, थोडा वेळ रांगेत थांबणं, या गोष्टी गृहीत धरून सहाच्या पुढचे कार्यक्रम आखलेले असतात. अक्षरं शोधत जहाजभर फिरायच्या खेळात वाचता न येणारं मूल मागे पडतं आणि रुसतं. तरीही ही रेषा त्यामानाने मऊ आहे. मुलांची संख्या कमी असलेल्या फेरीत धाकटे गट एकत्र करतात, आणि डिस्नेने तर ओशनियर क्लब आणि ओशनियर लॅब दोन्ही जागा तीन वर्षांपुढच्या मुलांना सरसकट खुल्या केल्या. मूल आपल्या आवडीने इकडून तिकडे जातं.

आठ-नऊच्या रेषेकडे पालकांचं लक्ष सहसा जात नाही, पण रोजच्या व्यवहारात तीच सर्वांत जाणवते. या वयापासून, पालकांनी लेखी परवानगी दिली असेल तर मूल स्वतः सही करून क्लबातून बाहेर पडू शकतं. डिस्नेवर ही मुभा आठपासून, कार्निव्हलवर ९ ते ११ च्या गटाला, नॉर्वेजियनवर १० ते १२ ला. म्हणजे मोठ्या मुलांचा गट कुठे सुरू होतो हे ‘मूल जहाजावर एकटं फिरू शकतं का’ या प्रश्नाशी बांधलेलं आहे. आठ वर्षांच्या मुलाला वरच्या गटात घ्या म्हणून आग्रह धरणाऱ्या पालकांना बहुतेक वेळा नकार मिळतो तो यामुळेच. तिथला दरवाजा वेगळ्या नियमाने उघडतो. उलट, धाकट्या भावंडाबरोबर राहण्यासाठी थोरल्याने खालच्या गटात बसणं हे वर जाण्यापेक्षा सहज मान्य होतं. मात्र मग थोरल्यालाही धाकट्यांचेच नियम लागतात आणि पालकांनीच येऊन न्यावं लागतं.

बारा-तेराच्या रेषेवर अजून कुणाचंच एकमत नाही. अमेरिकी शाळांत साधारण चौदाव्या वर्षी मिडल स्कूल संपून हायस्कूल सुरू होतं, म्हणून १२ ते १४ आणि १५ ते १७ ही विभागणी नैसर्गिक वाटते. रॉयल कॅरिबियननेही अनेक वर्षं ३–५, ६–८, ९–११, १२–१४, १५–१७ असे पाच गट ठेवले होते. पुढे १३ ते १७ एकत्र केले. सतरा वर्षांच्या मुलाला बारा वर्षांच्या मुलाबरोबर बसवलं की तो दुसऱ्या दिवशी येत नाही, हे क्लब चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. पण दोन गट करायचे तर प्रत्येकात पुरेशी मुलं हवीत, आणि शाळा सुरू असतानाच्या फेरीत पंधरा ते सतराची मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. रिकाम्या खोलीत चौघंच बसली तर तीही येणं सोडतात. डिस्नेने यावर काढलेला तोडगा मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो: एज ११ ते १४, व्हाइब १४ ते १७, म्हणजे चौदा वर्षांच्या मुलाने आपली जागा स्वतः निवडायची. २०११ च्या ‘डिस्ने ड्रीम’वर एजची जागाही पुढच्या धुराड्याच्या आत, धाकट्यांच्या गजबजाटापासून पार वर आहे.

सतराला क्लब संपतो, आणि अठरा ते वीसची मुलं मधेच लटकतात. अमेरिकेतून निघणाऱ्या फेऱ्यांवर मद्याचं वय २१, त्यामुळे बारमध्ये काही मिळत नाही आणि टीन क्लबात प्रवेश नाही. अठरा पूर्ण झालेल्याला अल्पवयीनांच्या क्लबात घेणं ही सवलत सहसा मिळत नाही, वाढदिवस काल झाला असला तरी.

जहाजाच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम मात्र वय बघतच नाहीत. लहान मुलांचं लाइफ जॅकेट १५ ते ४३ किलो वजन आणि १०० ते १५५ सेंटिमीटर उंचीसाठी, त्याखाली तान्ह्यांचं. नऊ वर्षांचं थोराड मूल मोठ्यांच्या जॅकेटमध्ये जाऊ शकतं. वॉटर स्लाइडही उंची मोजते. क्लबाने मात्र जन्मतारीख धरली, कारण ती कागदावर असते आणि तिच्यावर दारात वाद घालता येत नाही.

वय मोजतात ते सहसा प्रवास सुरू होण्याच्या दिवशीचं. फेरीच्या मध्यात वाढदिवस येत असेल तर काही कंपन्या गट निवडू देतात, काही आहे तिथेच ठेवतात. हे बुकिंगच्या वेळी विचारून लेखी घ्यावं. गट जन्मतारखेवरून संगणकच ठरवतो, म्हणून बुकिंगमध्ये दिवस आणि महिना उलटा पडला तर मूल चुकीच्या यादीत जातं. महिना आधी लिहिणाऱ्या अमेरिकी पद्धतीत ही चूक वरचेवर होते. जहाजावर चढल्याच्या दुपारी क्लब बघायला खुला असतो आणि नोंदणी तेव्हाच होते. मुलाचा पासपोर्ट घेऊन तिथे जावं, मनगटपट्टी बांधण्याआधी गट तपासून घ्यावा. रात्री मुलं खेळायला लागल्यावर गट बदलायचा म्हणजे मुलालाच त्रास. एखाद्या मुलाची वाढ वयापेक्षा मागे असेल किंवा त्याला विशेष आधार लागत असेल, तर ते प्रवासाच्या बऱ्याच आधी कंपनीच्या विशेष गरजा पाहणाऱ्या विभागाला कळवावं. खालच्या गटात बसवण्याची परवानगी तिथून मिळते. क्लबाच्या दारात उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याच्या हातात ती सहसा नसते.