आशा (ख्रिस्ती धर्म)

विश्वास, आशा व प्रीती या तीन सद्गुणांना ख्रिस्ती धर्मविचारात ईश्वरविषयक सद्गुण म्हणतात. येशूचा प्रेषित पौल याच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातील (अध्याय १३ : वचन १३) उल्लेखामुळे ही त्रयी प्रसिद्ध झाली असली, तरी ती त्याआधी थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (१ : ३) येते. हे पत्र बहुधा इ. स. ५०–५१ च्या सुमाराचे असावे. डेल्फी येथे सापडलेल्या, गल्लियो या रोमन अधिकाऱ्याविषयीच्या शिलालेखामुळे पौलाच्या करिंथमधील वास्तव्याचा काळ बराचसा निश्चित करता येतो व त्यावरून हा अंदाज बांधला जातो. काही अभ्यासक हे पत्र आणखी दहा वर्षे मागे नेतात, परंतु त्यांचा पक्ष दुबळा वाटतो. मृतांबद्दल शोक करणाऱ्या एका लहान ख्रिस्ती मंडळीला हे पत्र लिहिलेले आहे. ‘ज्यांना आशा नाही’ अशांसारखा खेद करू नका, असे पौल तेथे सांगतो (४ : १३), शोकच करू नका, असे तो म्हणत नाही. शोक आणि आशा एकाच वाक्यात नांदू शकतात, ही ख्रिस्ती आशेची मूळ खूण असून प्रस्तुत नोंदीत निराशेच्या काळातील आशेचाच विचार मुख्यतः केला आहे.

या आशेचे मूळ हिब्रू विलापस्तोत्रांत आहे. बायबलच्या जुन्या करारातील स्तोत्रसंहिता या ग्रंथातील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एकतृतीयांश स्तोत्रे या प्रकारात मोडतात. जर्मन पंडित हेर्मान गुंकेल (१८६२–१९३२) यांनी स्तोत्रांचे प्रकारशः वर्गीकरण केले, तेव्हा वैयक्तिक विलापाचा वर्ग सर्वांत मोठा ठरला. देवाला हाक, गाऱ्हाणे, याचना, भरवशाचे उद्गार आणि शेवटी स्तुती किंवा स्तुतीचा नवस, असा त्यांचा सर्वसाधारण क्रम असतो. तेराव्या स्तोत्रात हा क्रम अवघ्या सहा कडव्यांत दिसतो : प्रारंभी ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो आणि अखेरीस तोच भक्त देवाने आपल्यावर केलेल्या उपकारांचे गीत गाऊ लागतो. बाह्य परिस्थिती पालटल्याचा एकही उल्लेख मधल्या भागात नाही.

हे वळण कशामुळे येते, हा प्रश्न विसाव्या शतकातील स्तोत्राभ्यासात विशेष गाजला. योआखिम बेग्रिख यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, भक्ताचे गाऱ्हाणे संपल्यावर मंदिरातील याजक देवाच्या वतीने ‘भिऊ नको’ अशा आशयाचे अभयवचन उच्चारीत असे. ते वचन स्तोत्रात लिहिले गेले नाही. त्यानंतरचा भक्ताचा प्रतिसाद मात्र लिहिला गेला. पुराव्यादाखल यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथातील अभयवचने (४१ : १०, ४३ : १), विलापगीतातील ‘भिऊ नको असे तू म्हणालास’ हा उल्लेख (३ : ५७) आणि हन्नेची कथा यांचा आधार घेतला जातो. हन्ना मंदिरात रडून प्रार्थना करते, एली याजक तिला शांतीने जाण्यास सांगतो आणि त्यानंतर तिचा चेहरा उदास राहत नाही (१ शमुवेल १ : ९–१८). ही उपपत्ती आकर्षक असून अनेक पाठ्यग्रंथांत ती दीर्घकाळ जवळजवळ सिद्ध मानली गेली.

तिच्यावरील आक्षेपही वजनदार आहेत. विलापस्तोत्रांपैकी फारच थोड्या स्तोत्रांत असे वचन प्रत्यक्ष आढळते (उदा., १२ : ५). ते इतके महत्त्वाचे असते, तर बहुतेक ठिकाणी नेमके तेच का गळावे, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. शिवाय चाळिसाव्या स्तोत्रात आभार आधी आणि विलाप नंतर येतो, तर एकोणनव्वदाव्यात दीर्घ स्तुतीनंतर तक्रार येते. फिलिपिनो अभ्यासक फेडेरिको विलानुएवा यांनी २००८ मध्ये अशा उलट्या व मागेपुढे जाणाऱ्या स्तोत्रांचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला आणि विलापाकडून स्तुतीकडे जाणारी सरळ वाट हीच एकमेव वाट नाही, हे दाखवून दिले. क्लाउस वेस्टरमान (१९०९–२०००) यांनी स्तुतीकडे जाण्याची ओढ विलापाच्या रचनेतच असल्याचे म्हटले होते. प्रस्तुत नोंदकाराला वेस्टरमान यांचे मत, विलानुएवा यांच्या दुरुस्तीसह, अधिक ग्राह्य वाटते. कारण गाऱ्हाणे देवापुढे मांडणे म्हणजे ऐकणारा कोणी आहे हे गृहीत धरणे होय आणि तेवढ्याने आशेचा प्रारंभ झालेला असतो.

या दृष्टीने अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र निर्णायक महत्त्वाचे आहे. त्यात वळण नाही. मित्र दूर गेले, जीव मृत्युलोकाच्या कडेला आला, असे सांगत ते पुढे सरकते आणि मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द ‘अंधार’ हा आहे. तरीही संकलकांनी ते वगळले नाही किंवा त्याला सुखद शेवटही जोडला नाही. ज्याच्या तोंडी कोणत्याही भरवशाचे वाक्य येत नाही, अशा माणसालाही या परंपरेने प्रार्थनेचे शब्द दिले आहेत. आशेविषयीच्या लोकप्रिय ख्रिस्ती लेखनात या स्तोत्राची उपेक्षा व्हावी, ही खेदाची गोष्ट आहे.

विलापगीत हा ग्रंथ इ. स. पू. ५८७ किंवा ५८६ मधील यरुशलेमच्या विध्वंसानंतर, बहुधा त्याच पिढीत रचला गेला असावा. यिर्मया हा संदेष्टा त्याचा कर्ता असल्याची समजूत ग्रीक अनुवादाच्या प्रास्ताविक वाक्याइतकी जुनी आहे, पण आधुनिक अभ्यासकांत ती सहसा स्वीकारली जात नाही. पाचांपैकी चार कविता हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने बांधलेल्या आहेत. तिसऱ्या कवितेत प्रत्येक अक्षराला तीन याप्रमाणे ६६ ओळी असून देवाची दया रोज सकाळी नवी होते, हे प्रसिद्ध वचन तिच्यात येते (३ : २२–२३). ग्रंथाचा शेवट मात्र या वचनावर होत नाही. देवाने आपल्याला अगदी टाकून दिले आहे काय, या शंकेवर तो थांबतो.

नव्या करारात निराशेचा सर्वांत तीव्र उद्गार येशूच्या तोंडी आहे : ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ (मार्क १५ : ३४, मत्तय २७ : ४६). हे बाविसाव्या स्तोत्राचे पहिले वाक्य आहे. मार्कने ते अरामी उच्चारांत जतन केले आहे. लूक व योहान यांच्या शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्रग्रंथांत) ते नाही. लूकने त्याऐवजी एकतिसाव्या स्तोत्रातील समर्पणाचे वचन दिले आहे (२३ : ४६). येथे दोन पक्ष आहेत. पहिल्या पक्षाच्या मते, स्तोत्राची पहिली ओळ उच्चारणे म्हणजे संपूर्ण स्तोत्र सुचविणे होय आणि बाविसावे स्तोत्र स्तुतीत संपत असल्याने हा उद्गार अंतिमतः विश्वासाचा ठरतो. दुसऱ्या पक्षाच्या मते, मार्कच्या कथनात शिष्यांचे पलायन, येशूला ओळखण्यास पेत्र या शिष्याने दिलेला नकार व दुपारी पडलेला अंधार यांनी एकाकीपण पायरीपायरीने वाढत जाते, तेव्हा हा उद्गार त्याच्या पूर्ण कठोरपणासह वाचला पाहिजे. दुसरा पक्ष मार्कच्या शब्दांशी अधिक प्रामाणिक आहे. मात्र त्यागिला गेलेलाही ‘माझ्या देवा’ असेच म्हणतो, हे पहिल्या पक्षाचे निरीक्षण सोडून देता येत नाही.

पौलाच्या रोमकरांस पत्रात संकटापासून धीर, धीरापासून शील आणि शीलापासून आशा अशी साखळी आहे (५ : ३–५), पुढे सर्व सृष्टीचे कण्हणे व दृष्टीस न पडणाऱ्या गोष्टीची आशा यांचा संबंध जोडला आहे (८ : १८–२५). या आशेचा आधार येशूचे पुनरुत्थान हा आहे. इब्री लोकांस पत्रात आशेला जिवाचा नांगर (जहाज स्थिर ठेवणारा) म्हटले आहे (६ : १९). रोममधील भूमिगत दफनस्थळांतील आरंभीच्या ख्रिस्ती थडग्यांवर नांगराचे चिन्ह आढळते.

मध्ययुगात ख्रिस्ती धर्मपंडित टॉमस अक्वायनस (सु. १२२५–७४) याने आशेचे विश्लेषण केले. आशेचा विषय भावी, हितकारक, कष्टसाध्य आणि तरीही शक्य असा असतो. यातील शेवटची अट ढळली की निराशा उद्भवते आणि कष्टसाध्यतेची जाणीव सुटली की फाजील भरवसा. दोन्ही त्याने आशेविरुद्धची पापे मानली. केवळ दुःख ही त्याच्या मते निराशा नव्हे. हा भेद व्यवहारात पुष्कळदा विसरला गेला आणि दुःखी माणसालाच दोषी ठरविण्याची प्रवृत्ती वाढली. आत्महत्या केलेल्यांच्या बाबतीत तिचा कठोरपणा विशेष दिसतो. १९१७ च्या कॅथलिक धर्मविधिसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास, त्याने पश्चात्तापाची काही खूण दाखविलेली नसल्यास, ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याची तरतूद होती. १९८३ च्या संहितेत ती राहिली नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात गंभीर मानसिक व्यथा, भीती वा छळ यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असे मान्य करून अशा व्यक्तींच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे सांगितले आहे. शोकग्रस्त कुटुंबांच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता.

आधुनिक धर्मविचारात आशेला पुन्हा मध्यवर्ती स्थान देण्याचे श्रेय मुख्यतः जर्मन धर्मविचारक युर्गेन मोल्टमान (१९२६–२०२४) यांना दिले जाते. जुलै १९४३ मधील हँबर्गवरील बाँबवर्षावात त्यांच्या शेजारी उभा असलेला मित्र ठार झाला. १९४५ मध्ये ते युद्धकैदी झाले व १९४८ पर्यंत बेल्जियम, स्कॉटलंड आणि इंग्लंड येथील छावण्यांत राहिले. तेथे मिळालेल्या बायबलमधील विलापस्तोत्रे आणि मार्कमधील वर उल्लेखिलेला उद्गार यांमुळे आपण श्रद्धेकडे वळलो, असे त्यांनी सांगितले आहे. त्यांचा आशेवरील प्रमुख ग्रंथ १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. वेस्टरमान यांचेही स्तोत्रांवरील चिंतन युद्धकैदेत आकाराला आले. हा योगायोग लक्षात घेतल्यास या अभ्यासकांचा विलापाविषयीचा आग्रह केवळ पंडिती नव्हता, हे समजते. भारतात अरविंद निर्मळ (१९३६–९५) यांनी १९८१ मध्ये बंगळूर येथील व्याख्यानातून दलित धर्मविचाराला चालना दिली आणि पीडितांची वेदना हाच ज्ञानाचा आरंभबिंदू मानला.

मराठी मनाला विलापाचा हा घाट परका नाही. वारकरी संतांच्या करुणापर अभंगांत देवाशी भांडण, त्याच्यावर रुसणे आणि त्यालाच शरण जाणे या गोष्टी एकत्र असतात. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ती भक्तीसाठी अभंग व भजन हे प्रकार स्वीकारले, ते या जाणिवेतूनच. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांच्या आयुष्यातील वळणाचा नागपूरशी संबंध आहे. येथे ते अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने वाङ्मयीन काम करीत होते आणि १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरच्या वियोगाच्या वर्षांत पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांनी जे सोसले, ते त्यांच्या आत्मचरित्रात आले आहे. निराशेविषयीचे याहून प्रांजळ मराठी गद्य दुर्मिळ होय. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८७४ च्या दुष्काळकाळात आईवडील गमावले होते. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन सुमारे ३०० मुली व स्त्रियांना आश्रय दिला.

आघातानंतरही काम टिकून राहिल्याचे एक उदाहरण नागपुरातच मिळते. तेथील प्रॉटेस्टंट मिशनचा प्रारंभ १८४५ मध्ये स्कॉटिश धर्मप्रचारक स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) यांच्या आगमनाने झाला. भूविज्ञान व आदिवासी समाज यांच्या अभ्यासासाठीही ते ओळखले जातात. टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी पूर आलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. मोजक्या माणसांवर उभ्या असलेल्या या मिशनला तो मोठा धक्का होता. पण शाळा बंद पडली नाही आणि १८८३ मध्ये त्यांच्या नावाचे महाविद्यालय सुरू झाले. कॅथलिकांचा नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला. नागपुरातील ‘सदर’ नावाच्या भागातील ऑल सेंट्स कॅथेड्रल हे २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या स्थापनेमुळे प्रसिद्ध आहे.

उपासनेत विलाप व आशा यांची सांगड मुख्यतः ईस्टरपूर्वीच्या पवित्र आठवड्यात घातली जाते. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) दुपारी वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन होते. त्यांतील चौथा उद्गार त्यागाचा असतो. कॅथलिक मंडळीत २ नोव्हेंबरला मृतांचे स्मरण करून कबरींवर फुले व मेणबत्त्या ठेवतात. घरी कोणी दगावल्यास पाळक व मंडळीतील माणसे जमून प्रार्थना करतात, स्तोत्रे वाचतात आणि गीते गातात.

ख्रिस्ती आशेवरील प्रमुख आक्षेप असा की, ती परलोकाचे आश्वासन देऊन इहलोकीचा अन्याय सोसायला शिकविते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या नागपूर शहरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, तेथे हा आक्षेप गांभीर्यानेच घ्यावा लागतो. विलापाची परंपरा जिवंत असेल, तर त्याला काही उत्तर मिळते. कारण विलाप अन्यायाला अन्याय म्हणतो आणि तो देवापुढे नोंदवितो. विलाप गाळून उरलेली आशा मात्र या आक्षेपापुढे टिकत नाही.

निराशा आणि नैराश्य हा आजार यांत भेद करणे आवश्यक आहे. झोप, भूक व रोजचे काम यांवर आठवडेच्या आठवडे परिणाम होत असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर वैद्यकीय उपचार हवेत. प्रार्थना त्यांची जागा घेत नाही आणि उपचार घेणे हे विश्वास कमी पडल्याचे लक्षण नव्हे. जाणते पाळक अशा व्यक्तीला स्वतः डॉक्टरांकडे घेऊन जातात. नागपुरात शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असते.