आधी विक्री, मग डागडुजी

इंदूरच्या लोकमान्यनगरात किंवा सुदामानगरात गेम खेळणारी मराठी पोरं जमली की ‘सायबरपंक २०७७’चा विषय निघतोच. एक म्हणतो, ‘भिया, आता घेऊन टाक, अपडेटनंतर काय झकास झालाय!’ दुसरा अजून डिसेंबर २०२० वरच, गेम मोडका आला त्या दिवसांवरच, अडून बसलेला असतो. आधी मोडका गेम विकून मग दुरुस्त करणाऱ्या कंपनीला माफ करायचं का, हा खरा वाद. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हा वाद इथं झालाच नसता. तेव्हा बहुतेक गेम चोरट्या सीडीवरून पीसीत उतरायचे. अडकला तर सीडी बदलून आणायची, कंपनीवर रुसायचा हक्क नव्हता. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात एका गेमचे तीन हजार रुपये मोजायला लागल्यावर तो हक्क आला.

तिकडे परदेशात, जिथे गेम रीतसर विकत घेतले जात, तिथेही माफीचा प्रश्न उशिराच आला. कार्ट्रिजच्या, म्हणजे यंत्रात खोचायच्या डबीच्या, काळात गेम एकदा चिपवर चढला की विषय संपला. अटारी या अमेरिकी कंपनीचा ‘ई.टी.’ हा गेम १९८२ च्या नाताळात दुकानांत हवाच होता, म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांनी तो जेमतेम पाच आठवड्यांत उरकला. खेळणारा खड्ड्यात पडायचा, धडपडत वर यायचा आणि लगेच पुन्हा पडायचा. दुरुस्तीची सोयच नव्हती. अटारीचा न खपलेला माल १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो इथं कचऱ्याच्या खड्ड्यात पुरला गेला. २०१४ मध्ये तो उकरला तेव्हा त्यात कंपनीचे इतरही गेम निघाले. सगळं खापर एकट्या ई.टी.वर फोडायची रीत आहे, ती काही बरोबर नाही.

एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ च्या पिढीत कन्सोलला, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राला, हार्ड डिस्क आणि इंटरनेट सर्रास झालं आणि विकून झालेला गेमही नंतर दुरुस्त करता येऊ लागला. सोय मोठी, पण दुधारी. तारीख गाठायची, उरलेलं पॅचमध्ये, म्हणजे मागून पाठवायच्या दुरुस्तीत, बघू, ही सवय तिथूनच जडली. आपल्याकडे या पॅचचाही वेगळा भुर्दंड होता. ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये महिन्याला मोजका डेटा मिळायचा तेव्हा वीस-तीस जीबीची ‘दुरुस्ती’ म्हणजे घरच्यांचं नेट दोन आठवडे कासवगतीने.

माफी मागून ती खरोखर कमावल्याची दोन उदाहरणं सगळे देतात. ‘फायनल फँटसी १४’ सप्टेंबर २०१० मध्ये आला आणि तोंडावर आपटला. स्क्वेअर एनिक्स या कंपनीने नाओकी योशिदा यांच्या हाती सूत्रं दिली, बराच काळ मासिक वर्गणी घेतली नाही आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये गेमच्याच कथेत आकाशातून चंद्र पाडून ते जग संपवलं. ऑगस्ट २०१३ मध्ये नव्याने उभारलेला गेम आला. दुसरा अवकाशात भटकायचा ‘नो मॅन्स स्काय’, ऑगस्ट २०१६. ग्रहांची संख्या १८ वर १८ शून्ये, आणि दोन खेळाडूंची गाठ पडू शकते असं गेमचे कर्ते शॉन मरे यांनी आधी सांगितलं होतं. प्रत्यक्षात सुरुवातीलाच दोघं ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. नीट एकत्र खेळायची सोय जुलै २०१८ मध्ये आली. मोठी अपडेट मात्र सगळी फुकट दिली, हे मान्य करायलाच हवं.

सायबरपंकची गोष्ट जरा निराळी आहे. तीनदा पुढे ढकलून गेम १० डिसेंबर २०२० ला आला. आगाऊ नोंदणीच ८० लाखांवर. समीक्षकांना आधी फक्त पीसीची प्रत दिली होती, आणि तीही स्वतः खेळताना घेतलेले व्हिडिओ दाखवायचे नाहीत या अटीवर. साध्या प्लेस्टेशन ४ वर काय अवस्था आहे, हे त्यामुळे पैसे गेल्यावरच कळलं. पाठ फिरवून पुन्हा वळावं तर रस्त्यावरची माणसं गायब. निर्जन गच्चीवर गुन्हा केला तरी पोलिस पाठीशी हजर. आणि मधूनच गेम बंद. आठवडाभरात प्लेस्टेशनवाल्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. जून २०२१ मध्ये पुन्हा विक्रीला ठेवला, तोही जुन्या कन्सोलवर त्रास होऊ शकतो या इशाऱ्यासह.

सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटने गेम खरंच पालटला. पण हे अपडेट प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलसाठी नव्हतंच. म्हणजे ज्यांचे हात सर्वांत जास्त पोळले, त्यांना सुधारलेला गेम खेळायला नवा कन्सोल घ्यावा लागला. ‘कंपनीने चूक सुधारली’ म्हणणारे बहुतेक जण सेलमध्ये निम्म्या किमतीत घेणारे. त्यांनी माफ करायचा प्रश्नच येत नाही, त्यांचं काही गेलंच नव्हतं.

इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावरच्या आयटी कंपन्यांत खपणारी पोरं या वादात डेव्हलपरची बाजू घेतात, आणि ते पटतं. गो-लाइव्हची, म्हणजे काम ग्राहकाच्या हाती चालू करायची, तारीख कोण ठरवतं आणि रात्री कोण जागतं, हे त्यांना कुणी सांगायला नको. सायबरपंकच्या टीमलाही शेवटी आठवड्याला सहा दिवस राबवलं होतं. शिव्या मात्र त्यांनाच जास्त पडल्या.

शिवाय थांबणाऱ्याला फळ मिळतंच असं नाही. ‘अँथम’ हा गेम २०१९ मध्ये आला, कंपनीवाले नव्याने बांधू म्हणाले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ते काम गुंडाळलं. सर्व्हर बंद करायची तारीख दिली १२ जानेवारी २०२६. गेम ऑनलाइनच चालणारा, त्यामुळे सर्व्हर गेले की विकत घेतलेला गेमही गेला.

माझ्या मते कंपन्यांना शहाणपण आलं ते माफीने नाही, परताव्याने. जून २०१५ मध्ये स्टीमने १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत द्यायला सुरुवात केली. त्याच महिन्यात ‘बॅटमॅन: अर्कम नाइट’ची पीसी आवृत्ती आली आणि दोन दिवसांत विक्रीतून मागे घ्यावी लागली. २०२४ मध्ये सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ दोनच आठवड्यांत बंद झाला, पण पूर्ण पैसे परत मिळाले. एवढं असून पोरं आगाऊ नोंदणी का करतात, हे मात्र मला अजून उमगलेलं नाही. दुकानातले डबे संपायचे तेव्हा तिला अर्थ होता. डाउनलोडचा साठा काही संपत नाही.