ग्रीक काशाच्या नाण्यांची कालनिश्चिती

प्राचीन ग्रीक नगरराज्यांनी आणि ग्रीक राजांनी पाडलेल्या काशाच्या नाण्यांचा काळ ठरवण्याची नाणेशास्त्रातील रीत. ही नाणी प्रथम सिसिली आणि दक्षिण इटलीत इ.स.पू. पाचव्या शतकात आली. आक्रागास येथील सर्वांत जुनी तर ओतीव असून त्यांचा आकार दातासारखा आहे. चौथ्या शतकात बहुतेक ग्रीक शहरांत काशाची चिल्लर चालू लागली. अथेन्समध्ये आठ खाल्कोस (काशाची चिल्लर) म्हणजे एक ओबोल (चांदीचे छोटे नाणे).

चांदीच्या नाण्यापेक्षा या चिल्लरीचा काळ ठरवणे बरेच अवघड. चांदीचे नाणे वजनावर चाले, म्हणून टांकसाळ वजन काटेकोर सांभाळी आणि वजनाचा माप बदलला की काळ बदलल्याचेही कळे. काशाच्या नाण्याची किंमत राज्याच्या शब्दावर असे. एकाच वर्षी, एकाच छापाखाली पाडलेल्या दोन नाण्यांच्या वजनात सहज पाचवा हिस्सा फरक पडतो. त्यामुळे एकट्या नाण्याच्या वजनावरून काही ठरवू नये. एकाच प्रकारची निदान दहा-पंधरा नाणी तोलून सरासरी काढली तरच तिला अर्थ येतो. त्यातच ही नाणी गावाबाहेर फारशी जात नसत, गावात मात्र दोन-दोन पिढ्या फिरत. झीज हाताळणीची खूण आहे, वयाची नव्हे. हिरव्या कळकाचेही, म्हणजे काशावर चढणाऱ्या हिरव्या थराचेही, तेच. तो मातीतल्या क्षारांवर आणि ओलाव्यावर अवलंबून असतो, त्यावरून वर्षे मोजता येत नाहीत. धातूला कार्बन-१४ची कसोटीही लागू पडत नाही.

काम नोंदीपासून सुरू होते. वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत, व्यास सर्वांत रुंद आणि सर्वांत अरुंद जागी, आणि दोन्ही छापांची परस्पर दिशा घड्याळाच्या तासांत घ्यावी. दर्शनी बाजू सरळ धरून नाणे उभ्या अक्षावर फिरवले आणि मागची प्रतिमा सरळच दिसली तर दिशा १२, उलटी दिसली तर ६. मग उजेड जवळजवळ आडवा पडेल असा दिवा ठेवून नाणे बोटांत हळूहळू फिरवावे. वरून पडणाऱ्या उजेडात गुळगुळीत वाटणाऱ्या जागी अक्षरे उठून दिसतात. हे सगळे साफसफाईच्या आधी करावे. खरवडून कळक काढला की बहुधा त्याबरोबर अक्षरेही जातात, कारण जुन्या काशात मूळ पृष्ठभाग धातूत नसून कळकाच्या थरातच उरलेला असतो.

नाण्यावर वर्ष असेल तर काम सोपे वाटते, पण चुका सर्वाधिक तिथेच होतात. ग्रीक आकडे अक्षरांनी लिहीत. सीरियातील सेल्यूकिड या ग्रीक राजघराण्याच्या सातव्या अंतिओखोसच्या अँटिओक येथील एका नाण्यावर पुढे एरोस या प्रेमदेवतेचे मस्तक, मागे आयसिस देवीचा शिरोमुकुट आणि त्याखाली डेल्टा, ओमिक्रॉन, ऱ्हो अशी तीन अक्षरे आहेत : ४, ७० आणि १००, म्हणजे १७४. सेल्यूकिड शकाचे पहिले वर्ष इ.स.पू. ३१२च्या शरदात सुरू झाले. म्हणून ३१३मधून १७४ वजा करायचे, उरले १३९. ते वर्ष इ.स.पू. १३९च्या शरदात सुरू होऊन १३८च्या शरदात संपले. शकेवरून इसवी सन काढताना चैत्राआधीचे महिने आपल्याला चकवतात, तसाच हा सांधा आहे, फक्त शरद ऋतूतला. बॅबिलोनमध्ये मात्र हाच शक ३११च्या वसंतापासून मोजत.

झिजलेल्या नाण्यावर डेल्टाची तळरेघ गेली की ते लाम्डा (३०) दिसते, आणि मधली रेघ असल्याचा भास झाला की आल्फा (१). थीटाच्या (९) पोटातला ठिपका पुसला गेला की ओमिक्रॉन उरते. वाचन दोनदा तपासावे. वरच्या नाण्यावर लाम्डा वाचले तर दोन अक्षरे दशकाची होतात, असा आकडा कोणी लिहीत नसे. आल्फा वाचले तर १७१ येते, पण त्या वर्षी हा राजा गादीवर आलेलाच नव्हता.

दुसरा धोका शकाचा. तायर शहराने इ.स.पू. १२६/१२५पासून स्वतःचा शक सुरू केला. तिथले वर्ष २० म्हणजे १०७/१०६. सेल्यूकिड शक धरला तर तेच २९३/२९२ होते, जवळजवळ दोन शतकांची चूक. कधी वर्ष राजाच्या कारकिर्दीचे असते. यहूदियाचा रोमन अधिकारी पोंतियस पिलात याच्या ग्रीक लेखाच्या काही नाण्यांवर वर्ष दाखवणाऱ्या चिन्हापुढे आयोटा-झीटा म्हणजे १७ आहे. ते रोमन सम्राट तिबेरियसचे सतरावे वर्ष, इ.स. ३०/३१.

बहुसंख्य नाण्यांवर मात्र वर्ष नसते. मग इतिहासातल्या एखाद्या पक्क्या घटनेचा खुंटा शोधावा लागतो. मॅसिडोनच्या कासांद्रोसच्या काही नाण्यांवर नुसते नाव आहे, काहींवर नावाआधी ‘राजाचे’ असा शब्द. त्याने राजपद सुमारे इ.स.पू. ३०५मध्ये घेतले आणि २९७मध्ये तो वारला. दुसऱ्या गटातली नाणी ३०५च्या आधीची नाहीत, हे त्या एका शब्दाने कळते.

सर्वांत बोलका पुरावा जुन्या नाण्यावर मारलेल्या नव्या ठशाचा. सिराक्यूजचे एक जाड, सुमारे ३० ग्रॅमचे नाणे आहे : पुढे अथीना, मागे दोन डॉल्फिनांमध्ये तारा. तिथला नेता तिमोलेऑन याच्या काळात, इ.स.पू. ३४०च्या आसपास, सिसिलीतल्या अनेक गावांनी हीच नाणी घेऊन त्यांवर आपले ठसे मारले. त्यांपैकी केंतोरिपाच्या नाण्यावर बिबट्या आहे. तो बघताना नजर कडेवर ठेवावी. ठोका कडेला कमी बसतो आणि खालच्या जुन्या छापातल्या डॉल्फिनची शेपटी किंवा ताऱ्याचे टोक तिथे उरते. महाराष्ट्रात याचा नमुना नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभीला १९०६मध्ये सापडलेल्या निधीत, म्हणजे पुरून ठेवलेल्या नाण्यांच्या साठ्यात, आहे. तेथील नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवला. अशा नाण्यावरून आधी कोण आणि नंतर कोण हे निर्विवाद कळते. मधे किती वर्षे गेली हे कळत नाही, आणि ती वर्षे अंदाजाने भरण्याचा मोह आवरावा लागतो. प्रतिमुद्रेचेही, म्हणजे नंतर मारलेल्या लहान शिक्क्याचेही, असेच. तो खरा असेल तर त्याच्या बरोबर मागे नाणे चपटलेले सापडते.

काशाच्या नाण्यांचे निधी कमी, कारण लोक चांदी पुरून ठेवत. म्हणून उत्खननातल्या थरांना महत्त्व. मॅसिडोनच्या दुसऱ्या फिलिपने इ.स.पू. ३४८मध्ये ऑलिंथस शहर उद्ध्वस्त केले. राखेखाली बंद झालेली खाल्किडिक संघाची, म्हणजे त्या भागातल्या शहरांच्या संघाची, अपोलो-वीणा छापाची नाणी त्याआधीची. पण तिथल्या काही घरांत नंतरचीही नाणी निघाली आहेत, त्यामुळे ‘ऑलिंथसला सापडले’ एवढे पुरत नाही. कोणत्या घरात, कोणत्या थरात हे लागते. सिसिलीतील मॉर्गान्तिना रोमनांनी इ.स.पू. २११मध्ये जिंकून स्पॅनिश भाडोत्री सैनिकांना दिले. सेरा ऑर्लांदो या टेकडीवर ‘हिस्पानोरुम’ म्हणजे ‘स्पॅनिशांचे’ असा लॅटिन लेख असलेली काशाची नाणी मोठ्या संख्येने निघाली, आणि त्यांच्याच आधारे १९५८मध्ये पुरातत्त्वज्ञ केनान एरिम यांनी ही जागा मॉर्गान्तिना असल्याचे दाखवले. नाण्यांना काळ मिळाला आणि गावाला नाव. त्याच विध्वंसाच्या थरांतल्या नाण्यांनी देनारिउस या रोमन चांदीच्या नाण्याचा प्रारंभही २११च्या आसपास पक्का केला.

चकतीची घडण साधारण काळ सांगते. इजिप्तच्या टॉलेमी या ग्रीक राजांच्या काशाच्या नाण्यांवर दोन्ही बाजूंना मधोमध खळगा असतो. ही रीत दुसऱ्या टॉलेमीच्या सुधारणेनंतरची, म्हणजे इ.स.पू. २६०च्या दशकापासूनची. सेल्यूकिडांची दातेरी कडांची नाणी इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातली आणि मध्याची. ते दात कापलेले नसून चकतीबरोबरच ओतलेले असत. धातूचे पृथक्करण करायचे तर नुसत्या पृष्ठभागावर क्ष-किरण टाकून भागत नाही, कारण कळकात शिसे आणि कथिल यांचे प्रमाण बदललेले असते. जस्त मात्र लक्षात ठेवावे. पितळेची नाणी आशिया मायनरमध्ये इ.स.पू. पहिल्या शतकात येतात; चौथ्या शतकातल्या म्हणवणाऱ्या नाण्यात भरपूर जस्त निघाले तर ते नाणे बनावट असण्याची शंका घ्यावी.

काळ लिहिताना चिन्हाकडे लक्ष द्यावे. १३९/१३८ म्हणजे आपल्या दोन वर्षांवर पसरलेले त्यांचे एक वर्ष. ३०५–२९७ म्हणजे त्या आठ वर्षांत कधीतरी. नाण्यावर तारीख असेल तरच तिरपी रेघ वापरावी, आणि आडव्या रेघेच्या दोन्ही टोकांपुढे ती कशावरून धरली ते लिहावे : ‘राजा ही पदवी’, ‘राजाचा मृत्यू’, ‘अमुक थर’. पुढे एखाद्या उत्खननात खुंटा हलला तर त्यावर टांगलेली कोणकोणती नाणी सरकवायची, हे त्या दोन शब्दांवरून कळते.