‘फॉरमॅट मारू का?’ विचारण्याआधी

सोलापुरात घरचा कॉम्प्युटर चालू झाला नाही की निदान ठरलेलं असतं: ‘विंडोज उडाली.’ इलाजही ठरलेला: ‘मालक, फॉरमॅट मारावं लागतंय.’ लग्नाचे फोटो, टॅलीचा डेटा, मुलीचा कॉलेजचा प्रोजेक्ट, यातलं मागे काय उरेल ते नशिबावर. फॉरमॅट मारल्यावर कॉम्प्युटर बऱ्याचदा चालू होतो, हे खरं. पण मुळात बिघडलं काय होतं ते कुणालाच कळत नाही. खोट रॅममध्ये (काम चालू असताना वापरायच्या मेमरीत) किंवा पंख्यात असेल, तर काही दिवसांनी तेच मशीन पुन्हा त्याच दुकानात येतं.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतचं काम एकाच्या हातून होत नाही. ते खो-खोसारखं चालतं. एकानं पळायचं, पुढच्याला खो द्यायचा आणि त्याच्या जागी बसायचं. खेळ मध्येच थांबला, तर शेवटचा खो कुणाला मिळाला होता तेवढं शोधायचं. स्क्रीनवर शेवटचं काय दिसलं, यावरून ते बहुतेक वेळा समजतं. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दुकानदाराला ‘चालूच होईना झालंय’ एवढंच सांगण्यापेक्षा तो फोटो दाखवलेला कितीतरी बरा.

पहिला खेळाडू म्हणजे एसएमपीएस, कॅबिनेटमधला पॉवरचा डबा. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेपासून तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करतो. हे व्होल्टेज स्थिर झाले की मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डला, तसा इशारा जातो, आणि तोवर प्रोसेसर जागचा हलतही नाही. बटण दाबून पंखा फिरत नसेल, दिवाही लागत नसेल, तर विंडोजचा यात काडीचाही संबंध नाही. प्लग, स्विच, वायर, एसएमपीएस या क्रमानं बघायचं. लॅपटॉप असेल तर चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर जोडून पुन्हा चालू करा. सर्किटमध्ये साचून राहिलेला विद्युतभार त्यानं निघून जातो आणि बॅटरी-चार्जिंग सांभाळणारी छोटी चिप पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. जादूटोण्यासारखं वाटतं, पण अनेक लॅपटॉप एवढ्यावरच उठून बसतात.

पुढचा खो मदरबोर्डवरच्या एका चिपला. प्रोसेसरला पहिली आज्ञा हार्डडिस्कवरून मिळत नाही, ती या चिपमध्ये कायमच्या साठवलेल्या छोट्या प्रोग्रॅमकडून मिळते. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला तेव्हापासून त्याला बायोस म्हणतात. आजच्या मशीनमध्ये त्याची जागा यूईएफआयनं घेतली आहे, तरी दुकानात सगळे अजून बायोसच म्हणतात आणि त्यानं काही बिघडत नाही. हा प्रोग्रॅम मेमरी, कीबोर्ड, डिस्प्ले जागेवर आहेत का ते तपासतो. पंखे फिरतायत पण स्क्रीन काळीच, असं असेल तर आधी मॉनिटरची केबल बघा आणि मग कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आत कुणीतरी जागं आहे, अडचण बहुधा डिस्प्लेची आहे. दिवा ढिम्म असेल तर संशय रॅमवर.

रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचा आणि परत बसवायची, हा आपल्याकडचा जुना उपाय. लोक त्याला हसतात, पण तो शास्त्राला धरून आहे. ते दात आणि खाच यांच्यातून अतिशय कमी व्होल्टेजचे इशारे वेगानं जात-येत असतात. मध्ये धुळीचा किंवा गंजाचा पातळ थर आला तरी एखादा इशारा चुकतो, आणि एक चुकला तरी तपासणी थांबते. फक्त प्लग काढलेला असू द्या, आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, आणि रबराचा चुरा खाचेत पडू देऊ नका.

आता एक नमुना जरा जवळून बघू. सोलापूरच्या पूर्व भागातलं घर, खाली माग, वर हिशेबाचा जुना कॉम्प्युटर. जीएसटीचं रिटर्न भरायची २० तारीख तोंडावर आलेली. विंडोजचं चिन्ह दिसतं, निळी स्क्रीन क्षणभर चमकते, मशीन पुन्हा सुरू होतं आणि तेच चक्र चालू राहतं. दुकानातलं उत्तर: फॉरमॅट. पण बायोसमध्ये शिरून पाहिलं तर घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा, नाण्याएवढा सेल असतो. मशीन बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं, आणि जुन्या मशीनमध्ये बायोसच्या सेटिंगाही त्याच्याच जिवावर टिकतात. सेल संपला, त्यात रात्री लाईट गेली, की सेटिंगा कारखान्यातून आल्या तशा होतात. त्यातली एक सेटिंग डिस्कशी बोलण्याच्या पद्धतीची असते: आयडीई की एएचसीआय. विंडोज ज्या पद्धतीत टाकली होती तिच्यासाठीचाच ड्रायव्हर (एखाद्या भागाशी बोलून देणारा छोटा प्रोग्रॅम) ती सुरुवातीला उचलते. पद्धत बदलली की ती ज्या डिस्कवरून सुरू झाली तीच डिस्क तिला वाचता येत नाही. निळ्या स्क्रीनवर तेव्हा ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं लिहिलेलं असतं, पण ते वाचायच्या आत मशीन रीस्टार्ट होतं. उपाय काय, तर नवा सेल टाकायचा, ती सेटिंग पूर्ववत करायची, तारीख लावायची. टॅलीच्या एका नोंदीलाही धक्का लागत नाही. आणि निव्वळ घड्याळ चुकलेलं असेल तरी सेल बदलाच, कारण चुकीच्या तारखेमुळे ब्राउझर बँकेची आणि जीएसटीची साईट ‘असुरक्षित’ म्हणून उघडू देत नाही.

तिसरा टप्पा डिस्क शोधण्याचा. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा ‘ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड’ दिसलं की लोकांचं धाबं दणाणतं. आधी मागेपुढे लावलेला पेनड्राइव्ह काढा. बायोस तिथे विंडोज शोधत बसलेला असतो, आणि हे कारण वाटतं त्याहून जास्त वेळा निघतं. मग बायोसच्या यादीत डिस्कचं नाव दिसतंय का ते बघा. नाव नसेल तर केबल किंवा डिस्क. नाव असेल तर डिस्क जिवंत आहे, फक्त विंडोजला उठवणारा छोटा प्रोग्रॅम, बूटलोडर, सापडत नाहीये. जुन्या पद्धतीत त्याची सुरुवात डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये असायची. त्यात प्रोग्रॅमला ४४६, पार्टिशनच्या (डिस्कच्या पाडलेल्या भागांच्या) तक्त्याला ६४ आणि शेवटी ओळखखुणेचे २. तेवढे खराब झाले की सगळी डिस्क रिकामी असल्यासारखी दिसायची, आत सगळं जागच्या जागी असूनही. नव्या जीपीटी पद्धतीत पार्टिशनच्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटाला ठेवतात, आणि बूटलोडर एका वेगळ्या छोट्या पार्टिशनवर राहतो. ही जागा तुमच्या फोटोंच्या जागेपासून पूर्ण वेगळी असते. म्हणून रिकव्हरीतलं (विंडोजच्या दुरुस्तीच्या स्क्रीनमधलं) ‘स्टार्टअप रिपेअर’ किंवा बीसीडीबूट ही आज्ञा बूटलोडर नव्यानं बसवते तेव्हा घरातल्या फायलींना कुणी हात लावत नाही.

ही रिकव्हरी गाठायची कशी? सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ दोनदा फसला की पुढच्या वेळी विंडोज आपणहून रिकव्हरीत जाते. ती आपणहून गेली नाही, तर चिन्ह दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करायचं आणि असं दोन-तीनदा करायचं. तेही जमलं नाही तर ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मित्राचा कॉम्प्युटर लागतो. मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून विंडोजचा इन्स्टॉल पेनड्राइव्ह फुकट बनवता येतो, आणि त्यात ‘इन्स्टॉल’च्या ऐवजी ‘रिपेअर’ निवडायचं असतं. इन्स्टॉलचं बटण मोठं आणि रिपेअरचं कोपऱ्यात, यामागे काय विचार असेल कोण जाणे.

निळ्या स्क्रीनचा (विंडोज ११ च्या ताज्या आवृत्तीत ती काळी झाली आहे) अर्थ असा की खो विंडोजच्या गाभ्यापर्यंत पोचला होता आणि तिथे बहुतेक वेळा एखाद्या ड्रायव्हरनं घोटाळा केला. १९ जुलै २०२४ ला हे साऱ्या जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रॅमसोबत एक सदोष फाईल गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन आडवी झाली. आपल्याकडच्या विमानतळांवरही हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. हा दोष काढायला मशीन फॉरमॅट करायची गरज नव्हती. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाईल पुसायची, एवढाच इलाज. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी जरुरीपुरते ड्रायव्हर घेऊन उठते, म्हणून त्याच्याकडे दुरुस्तीइतकंच चाचणी म्हणूनही बघावं. सेफ मोड नीट चालला तर डिस्क आणि गाभा बहुतेक ठीक आहेत, आणि दोष नुकत्या आलेल्या अपडेटचा, ड्रायव्हरचा किंवा नव्या अँटिव्हायरसचा आहे. अपडेटवर संशय असेल तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ रिकव्हरीतच असतं.

एक बारीक गोष्ट इथे सांगायला हवी. विंडोज ८ पासून ‘शट डाऊन’ म्हणजे पूर्ण बंद नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज आपल्या गाभ्याची मेमरीतली स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि सकाळी तीच परत उचलते. त्यामुळे काल अडकलेला ड्रायव्हर आजही अडकलेलाच येतो, आणि माणूस म्हणतो, ‘बंद करून चालू केलं की!’ अशा वेळी ‘रीस्टार्ट’ करायचं, कारण त्यात सगळं नव्यानं सुरू होतं.

सोलापूरची हवा आणि वीज यांचाही या सगळ्यात वाटा आहे. मे महिन्यात पारा ४२-४३च्या आसपास रेंगाळतो, आणि प्रोसेसर थंड करायला पंखा खोलीतलीच हवा वापरतो. त्यात अशोक चौकापासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत जिथे चादरी आणि टॉवेल विणले जातात, तिथल्या हवेत सुताचे बारीक तंतू असतात. मातीची धूळ सुटी बसते, फुंकली की उडते. सुताचे तंतू मात्र एकमेकांत गुंततात आणि प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये त्यांची नमदा, म्हणजे दाबून बसलेली जाड गादी, बनते. मग हवा जातच नाही. प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर स्वतःला वाचवण्यासाठी मशीन बंद पाडतो. कॉम्प्युटर सुरू होऊन काही मिनिटांत, कुठलाही संदेश न दाखवता बंद होत असेल तर कॅबिनेट उघडून पंखा बघा. विंडोज कितीही वेळा टाकली तरी ती नमदा निघणार नाही.

विजेचं म्हणाल तर लाईट जाण्याचा क्षण महत्त्वाचा. १९९३ पासून विंडोज एनटीसोबत आलेली एनटीएफएस ही फाईल व्यवस्था डिस्कच्या रचनेत काही बदलायच्या आधी ते एका नोंदीत लिहून ठेवते. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी नोंद वाचून अर्धवट काम पूर्ण करते किंवा मागे घेते. म्हणून लाईट गेल्यानं सहसा काही होत नाही. पण बूटलोडरचं ते छोटं पार्टिशन जुन्या फॅट ३२ पद्धतीचं असतं आणि त्यात अशी नोंद नसते. अपडेटच्या वेळी नेमकं तिथे लिहिणं चालू असताना वीज गेली तर पंचाईत होऊ शकते. ‘डोन्ट टर्न ऑफ युअर कॉम्प्युटर’ची ओळ दिसत असेल तेव्हा तरी यूपीएस जिवंत हवा. अनेक घरांत तो असतो, पण बॅटरी कधीच मेलेली असते.

आता डेटाविषयी. हार्डडिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मशीन ताबडतोब बंद करा. चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्रॅमही चालवू नका. ते सगळी डिस्क पिंजून काढतं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढा ताण पुरतो. आवाज नसेल आणि विंडोज तेवढी उठत नसेल तर रिकव्हरीतल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नोटपॅड’ टाइप करा. नोटपॅड उघडलं की फाईल, ओपन आणि ‘ऑल फाइल्स’ निवडा. समोर जी खिडकी येते तिच्यात तुमचे फोल्डर दिसतात, राइट क्लिक करून कॉपी करता येतात आणि पेनड्राइव्हवर पेस्टही. मात्र इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. एरवी जो सी असतो तो डी म्हणून दिसला तर घाबरू नका, आत ‘युजर्स’ फोल्डर आहे का ते बघा. डेटा जास्त असेल तर पेनड्राइव्हवरून थेट चालणारा उबुंटू (विंडोजऐवजी वापरायची फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) सोपा पडतो.

हे सगळं एका अटीवर: डिस्क कुलूपबंद नसली पाहिजे. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं खातं वापरून साइन इन केलं की बऱ्याचदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. बायोसमध्ये काही बदललं किंवा मदरबोर्ड बदलला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर डेटा कुणालाच काढता येत नाही, कितीही मोठा तंत्रज्ञ असो. ती बहुधा तुमच्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात ‘रिकव्हरी कीज’खाली असते. कॉम्प्युटर ठीक चालतोय तोवरच ती शोधा आणि कागदावर उतरवून कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या पिशवीत नको. आणि ते खातं कुणाच्या ईमेलवर उघडलंय हेही बघून घ्या. लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोरानं त्याच्या सोयीनं केलेलं खातं असेल, तर ती की मागायला त्याच्याचकडे जावं लागतं.