पिकअपचे लिफ्ट किट

लिफ्ट किट म्हणजे पिकअपची चेसिस आणि बॉडी एक्सलपासून आणखी वर उचलून धरणारा सुट्या भागांचा संच. पुढे स्प्रिंगा किंवा स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती), मागे पाटे, ठोकळे किंवा लांब शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी), शिवाय चार शॉकअप आणि पाटे एक्सलला बांधणारे नवे यू-बोल्ट असा त्याचा ऐवज. भारतात त्याचा विचार मुख्यतः इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स यांच्यासाठी होतो. दोन्हींत पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वरचा व खालचा असे दोन आर्म) व कॉइल स्प्रिंग आणि मागे सलग एक्सल व पाटे असतात. कोकणात चौकशी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, कलमबागांच्या खडकाळ वाटा आणि पावसात चाकोऱ्या पडलेल्या पाणंदी असतात.

किट काय करत नाही, ते आधी पाहावे. मागचा एक्सल चाकांवर टेकलेला असतो, त्यामुळे त्याच्या मधला डिफरन्शियलचा (इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरांचा) गोळा किट घातल्यावरही जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. पाणंदीत दोन चाकोऱ्यांमधल्या वरंब्याला घासतो तो नेमका हाच गोळा. त्याला वर न्यायला मोठा टायरच लागतो, आणि टायरचा व्यास वाढेल त्याच्या निम्मेच अंतर पदरात पडते. २४५/७० आर १६ टायरचा व्यास सुमारे ७४९ मिमी, २६५/७० आर १६ चा ७७७. फरक २८, मिळकत १४ मिमी. वर स्पीडोमीटर सुमारे साडेतीन टक्के कमी दाखवू लागतो. किटची खरी कमाई पुढचा बंपर, पोट आणि शेपूट यांच्याखाली होते. दाभोळ–धोपावे किंवा वेसवी–बागमांडले फेरीवर ओहोटीच्या वेळी बोटीची फळी आणि जेट्टीचा उतार यांच्यात खोलगट कोन पडतो. तिथे मागचा टो-हुक खरवडला जातो की न घासता पार होतो, हे या काही सेंटिमीटरांवर ठरते.

खरेदीआधी टेप लावावी. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांवर घ्यावे, एकदा गाडी रिकामी असताना आणि एकदा नेहमीचा माल भरून. जमिनीपासून मोजले तर टायरची हवा आणि झीज आकडा बिघडवतात. जांभ्या दगडाचे चिरे वाहून वाहून पाटे बसलेल्या गाडीला बहुधा लिफ्ट नकोच असते. नवे पाटे घातले की हरवलेली उंची परत येते आणि खर्चही आटोक्यात राहतो. रिकामी पिकअप मागून वर दिसते तो दोष नव्हे, भार पडल्यावर ती सरळ बसावी म्हणून कारखान्यानेच तसे केलेले असते. अशा गाडीत पुढे ४० मिमी आणि मागे त्याहून थोडे कमी घेतले तरी चालते.

स्प्रिंगवर लिहिलेला किलोचा आकडा म्हणजे कायमचा भार, अर्थात कधीही न उतरणारे वजन : लोखंडी बंपर, विंच, हौद्यावरचे छप्पर, हत्यारांची पेटी. इथेच लोक सर्वांत जास्त फसतात. एप्रिल–मे महिन्यांत हापूसच्या पेट्यांनी गच्च आणि उरलेले वर्ष जवळपास रिकामी फिरणाऱ्या गाडीला ३०० किलो कायम भाराचे पाटे घातले, तर ओल्या घाटातल्या वळणावर मागचा भाग उड्या मारतो आणि शेपूट बाहेर सटकते. कशेडीत किंवा आंबोलीत पावसाळ्यात असे होणे परवडणारे नाही. अशा वापराला हलके पाटे घ्यावेत. कोणतेही पाटे घातले तरी आरसीवरची वजनाची मर्यादा तीच राहते.

पुढच्या बाजूला स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप यांच्या एकत्र जोडणीच्या) डोक्यावर स्पेसर ठेवणे हा स्वस्त मार्ग. स्ट्रट खालच्या आर्मवर चाकापेक्षा आत बसलेला असल्याने २५ मिमीचा स्पेसर चाकापाशी सुमारे दुप्पट उचल देतो. पण मूळ शॉकअप तोच राहतो आणि पूर्ण लोंबल्यावर चाक कारखान्याने ठरवलेल्या जागेच्याही खाली जाते. मग आर्म चाकाला जोडणारा बॉल जॉइंट आणि चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा सीव्ही जॉइंट तिरके होतात, रबरी बूट फाटतो आणि आत लाल चिखल शिरतो. शॉकअपसकट नवी स्प्रिंग हा शहाणा पर्याय. पन्नास मिमीपर्यंत चाकांची अलाइनमेंट बहुधा मूळ आर्मवरच जुळते. त्यापुढे कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे कललेला कोन) कमी पडून वळण घेतल्यावर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, आणि मग वेगळे अप्पर आर्म व पुढचे डिफरन्शियल खाली घेणारे स्पेसर घालावे लागतात. रोजच्या कामाच्या गाडीत या पन्नासच्या आतच राहणे बरे.

मागे एक्सल आणि पाटे यांच्यामधला ठोकळा एकच आणि अखंड असावा. ठोकळ्यावर ठोकळा रचू नये, आणि पुढच्या सलग एक्सलखाली तर तो कधीच घालू नये. लांब शॅकलने जितकी लांबी वाढते त्याच्या निम्मी उंची मिळते आणि पिनियनचे (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या गिअरचे) तोंड फिरते. मागच्या एक्सलला ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असलेल्या गाड्यांत लिफ्टनंतर चढावर वेग घेताना थरथर जाणवली, तर शाफ्टच्या मधले सेंटर बेअरिंग स्पेसर घालून खाली घ्यावे. ज्या गाड्यांत भारानुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, तिथे त्याची दांडी नव्या उंचीला जुळवावी लागते. न जुळवल्यास गाडी रिकामी आहे असे समजून व्हॉल्व्ह मागचा ब्रेक कमी करतो. भरलेल्या गाडीत ही चूक घाट उतरतानाच कळते.

बसवताना रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना हातानेच धरवावेत आणि चाके जमिनीवर टेकल्यावर आवळावेत. हवेत आवळले की रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि काही महिन्यांत फाटते. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. नवे टॉर्क पान्याने, कोपरा-कोपरा आलटून-पालटून आवळावेत आणि ५०० किमीनंतर परत तपासावेत. चाके पूर्ण लोंबत असताना ब्रेक होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हे हात घालून पाहावे. शेवटी अलाइनमेंट करावी आणि हेडलाइटचा झोत खाली घ्यावा. नाही तर धुक्यात समोरचा ड्रायव्हर आंधळा होतो.

किनाऱ्यावर किटचे आयुष्य मीठ ठरवते. बंदरावरून मासळी नेणाऱ्या गाडीत बर्फाचे खारे पाणी हौद्यातून थेट पाट्यांवर आणि यू-बोल्टच्या आट्यांवर गळते. पावडर कोटिंगला खडी लागून टवका उडाला की गंज आतून पसरतो. त्यामुळे रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने खालून धुणे, शॅकल पिनांना ग्रीस आणि उघड्या आट्यांवर मेणाचा थर हा नेम हवा. पावसाळ्यापूर्वी चेसिसला जळके ऑइल मारायची जुनी रीत आहे. ते रबरी बुशवर गेले की बुश फुगून मऊ पडतात, म्हणून तेवढा भाग झाकून घ्यावा. पॉलियुरेथेनचे बुश तेलाला दाद देत नाहीत, पण सिलिकॉन ग्रीस सुकले की दर खड्ड्याला करकरतात.

पुराच्या पाण्यात जाण्यासाठी किटचा भरवसा धरू नये. इंजिनात हवा घेणारे तोंड बॉडीबरोबर जेमतेम पन्नास मिमी वर जाते. एक्सलचे ब्रीदर (आतली हवा सोडणारी छिद्रे) तर होते तिथेच राहतात आणि त्यांची नळी वेगळी लांबवावी लागते.

कायद्याची बाजू कडक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा घातली. म्हणून पैसे मोजण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी, आणि काढलेले मूळ पाटे, स्प्रिंगा व शॉकअप भंगारात न देता मांगरात कोरड्या जागी ठेवावेत.