चहाचं पान लाल कधी होतं?

दुकानात ‘ग्रीन टी’चं पाकीट हातात घेतलं की कोणीतरी हमखास सांगतं, ‘त्याचं झाडच वेगळं असतं.’ काही जण तर तो गवती चहाचाच प्रकार समजतात. लिनियससारख्या वनस्पतिशास्त्रज्ञानेही १७६२मध्ये हिरव्या आणि काळ्या चहाच्या झाडांना दोन स्वतंत्र प्रजाती मानलं होतं. दोन्ही चहा एकाच झाडापासून होतात, हे युरोपला पटवून दिलं रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने, १८४०च्या दशकात चीनचे मळे पालथे घातल्यावर. ते झाड म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस. चिनी कारागिरांना यात नवीन काहीच नव्हतं. सगळा फरक पान खुडल्यानंतर पडतो.

चहाच्या कोवळ्या पानात कॅटेचिन नावाची तुरट संयुगं भरपूर असतात. ती पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे रसाच्या पिशवीत, साठवलेली असतात. पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) मात्र हरितलवकात, म्हणजे हरितद्रव्याच्या कप्प्यात, असतं. मध्ये पटलं असल्यामुळे दोघांची गाठ पडत नाही. पान चुरगळलं की पटलं फाटतात आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने काम सुरू होतं. चिरून ठेवलेलं वांगं काळं पडतं तेही याच जातीच्या विकरामुळे.

पुढचं रसायनशास्त्र थोडं किचकट आहे, पण अतिशय देखणं आहे. काही कॅटेचिनांच्या एका वलयावर शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात, काहींच्या वलयावर तीन. विकर त्यांच्यातला हायड्रोजन काढून घेतं आणि क्विनोन तयार होतात. दोन गटवाल्याचा क्विनोन तीन गटवाल्याच्या क्विनोनला भिडला की एक कार्बन अणू कार्बन डायऑक्साइड होऊन निसटतो आणि उरलेल्यांतून सात कार्बनचं नवं वलय जुळतं. हेच थिआफ्लेविन. चहाचा नारिंगी तजेला आणि जिभेवरची तरतरी त्याचीच. याहून मोठे, तपकिरी रेणू म्हणजे थिआरुबिजिन. आनह्वेई प्रांतातल्या छिमनचा चहा असा पूर्ण लाल होऊ दिलेला असतो; आपण ज्याला काळा चहा म्हणतो, तो हाच. आपला सीटीसी चहासुद्धा याच वाटेने जातो, फक्त तिथे यंत्र पानाचा पार चेंदामेंदा करतं.

हिरव्या चहात हे सगळं सुरुवातीलाच रोखायचं असतं. हांगचौचा लुंगचिंग चहा करणारा कारागीर तापलेल्या लोखंडी कढईत उघड्या हाताने पानं दाबत, परतत राहतो. त्या उष्णतेने विकर निकामी होतं आणि पानं चपटी होतात. मात्र पान झपाट्याने तापायला हवं. हळूहळू तापलं तर कोमट पानात विकर उलट अधिक जोमाने काम करतं आणि देठ लाल पडतात. चीनमधल्या थांग राजवटीत, आठव्या शतकात, हेच काम वाफेने करत. छिंगमिंग सणाआधी, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत खुडलेल्या कोवळ्या कळ्यांना चीनमध्ये सर्वाधिक भाव मिळतो. एवढा महाग माल कढईत बिघडून चालत नाही.

वूई पर्वतातला ऊलाँग या दोहोंच्या मधला. बांबूच्या सुपांत पानं हलवतात, कडा ठेचकाळतात, मग पानांना विसावा देतात, पुन्हा हलवतात. पान मध्ये हिरवं आणि कडेने लाल झालं, हवा तो वास सुटला की कढईत. कुठे थांबायचं ते कारागिराचं नाक ठरवतं. ‘युनेस्को’ने २०२२मध्ये चीनच्या पारंपरिक चहानिर्मितीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते अशाच कौशल्यासाठी.

म्हणूनच ‘ग्रीन टी शरीरातली विषद्रव्यं धुऊन काढतो’ असल्या जाहिराती पाहून राग येतो. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. उलट ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या जास्त प्रमाणात घेतल्याने यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. चहा चवीसाठी प्यावा.

युन्नानचा फुअर चहा मात्र वेगळ्याच वाटेने जातो. त्याची पानंही आधी कढईत परततात, तरी तो वर्षानुवर्षं गडद होत राहतो. १९७०च्या दशकात खुनमिंगमध्ये पानांचे ओले ढीग रचून हेच काम काही आठवड्यांत उरकण्याची पद्धत बसवली गेली. ढीग आतून गरम होतो आणि ॲस्परजिलस नायजरसारख्या बुरशा त्यात वाढतात. पानाचं स्वतःचं विकर तोवर बहुतांशी संपलेलं असतं. या बुरशा आपली विकरं बाहेरून आणतात.