रूळ ओलांडताना डोळा कुठे चुकतो

मध्य रेल्वेवरच्या एका स्टेशनात फलाट संपून खडी सुरू होते, तिथल्या भिंतीला भगदाड आहे. माणूस आडवा होऊन निघेल एवढंच. येणाऱ्या-जाणाऱ्यांची अंगं घासून त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. पुलावरून पलीकडे जायला सहा मिनिटं लागतात, रुळांवरून पाऊण मिनिट.

तिथेच घरकामाला जाणाऱ्या एका मावशींशी बोलले. म्हणाल्या, "ताई, जिना चढायचा म्हणजे गुडघे बोलतात. आणि सात-चाळीस चुकली की तिकडे बाईंचं तोंड सुरू." भीती नाही वाटत, असं विचारलं. "बघूनच येतो ना आम्ही. गाडी लांब असते."

गाडी लांब असते. हे वाक्य नंतर मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलं.

२०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर २,५९० माणसं जिवानिशी गेली. दिवसाला सात. त्यातली जवळपास निम्मी रूळ ओलांडताना. दुसरा मोठा गट धावत्या गाडीतून पडणाऱ्यांचा. आपण पेपरात दोन ओळी वाचतो, 'काय घाई असते लोकांना' म्हणतो आणि पान उलटतो. मला हे 'काय घाई असते' फार खुपतं, कारण त्यात सगळा दोष मेलेल्याच्या माथी मारून आपण मोकळे होतो. मावशी खरंच बघून येतात. गोम बघण्यातच आहे.

बाजूने जाणाऱ्या गाडीचा वेग आपल्याला चटकन कळतो, कारण ती झाडं, खांब मागे टाकत जाते. सरळ अंगावर येणारी गाडी मात्र जागची हलत नाही, फक्त मोठी होत जाते. तिचा वेग ओळखायचा तो या मोठं होण्यावरूनच. आता हिशेब करा. गाडी ३०० मीटरवर आहे, वेग ताशी ६० किलोमीटर. लोकलचं तोंड साडेतीन मीटरच्या वर रुंद असतं, पण एवढ्या लांबून ते हात पुढे करून धरलेल्या करंगळीच्या नखाहूनही लहान दिसतं. पहिल्या नऊ सेकंदांत गाडी निम्मं अंतर कापते आणि दिसायला जेमतेम दुप्पट होते. पुढची दुप्पट साडेचार सेकंदांत, त्यापुढची सव्वादोन सेकंदांत. म्हणजे 'अरे, ही तर जोरात येतेय' असं मेंदूला वाटायला लागेपर्यंत हातात चार-पाच सेकंदच उरतात. तोवर माणूस दुसऱ्या रुळावर पोचलेला असतो. मोटरमनने त्या क्षणी ब्रेक मारला तरी गाडी शंभर मीटरच्या आत थांबत नाही.

यात आणखी एक फसगत आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्शेल लिबोविट्झ यांनी १९८५ साली रेल्वे फाटकांवरच्या अपघातांबद्दल लिहिताना ती मांडली. मोठी वस्तू आहे त्यापेक्षा हळू चालल्यासारखी वाटते. कुर्ला-घाटकोपरवरून उतरणारं मोठं विमान बघा, हवेत तरंगत असल्यासारखं वाटतं. लहान विमान त्याहून सावकाश असलं तरी लगबगीत दिसतं. लोकलचंही तसंच होतं.

यावर वडाळ्याजवळ एक प्रयोग झाला. साधारण २००९-१० मध्ये फायनलमाइल या मुंबईच्या कंपनीने मध्य रेल्वेबरोबर तो केला. तिथे उपदेशाची पाटी लावली नाही. ठरावीक अंतरांवरचे स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ठोकळे, पिवळे रंगवले. गाडी एकेक पिवळा पट्टा गिळत पुढे येते, तेव्हा डोळ्याला मोजपट्टी मिळते आणि वेगाचा अंदाज सुधारतो. एका लांबलचक भोंग्याऐवजी दोन तुटक भोंगे वाजवायला सांगितले, कारण सलग आवाज गोंगाटात मुरतो आणि मधली शांतता कान टवकारायला लावते. लोक जिथून रुळात उतरत तिथेच, गाडीखाली येणाऱ्या माणसाचा भेदरलेला चेहरा दाखवणारे फोटो लावले. त्या जागी मृत्यू घटले आणि पुढे इतर ठिकाणीही हे उपाय केले गेले. मात्र सर्वांत वाईट वर्षांमुळे निवडलेल्या जागेचे आकडे पुढच्या वर्षी काहीसे आपोआपही उतरतात, म्हणून अशा एका जागेच्या यशावर सगळी भिस्त ठेवू नये. तरी मला हा प्रयोग मोलाचा वाटतो. लोकांना शहाणं करण्याचा आव न आणता त्याने त्यांच्या डोळ्यांना मदत केली.

कायदा आहेच. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण पोलीस उभे असले की लोक थोडं पुढे जाऊन, जास्त अंधाऱ्या जागी उतरतात. धोका तेवढाच राहतो, फक्त जागा बदलते. भिंत बांधून सगळ्यांना पुलावर ढकललं आणि पूल अरुंद असला तर काय होतं, हे २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर दिसलं. पाऊस, गर्दी, चेंगराचेंगरी, २३ बळी. त्यानंतर लष्कराने तिथे बांधलेला नवा पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला, म्हणजे पाच महिन्यांत. मनात आणलं तर पूल होतात.

अपघाताकडे रोगासारखं बघायचा आग्रह अमेरिकी डॉक्टर विल्यम हॅडन यांनी १९६० च्या दशकात धरला होता. मलेरियात माणूस, जंतू, डास आणि साचलेलं पाणी यांची साखळी असते आणि ती सोपी पडेल तिथे तोडायची असते. डास चावला म्हणून आपण रोग्याला रागावत नाही. अपघातातला 'जंतू' म्हणजे शरीरावर आदळणारी ऊर्जा. ती साखळी आधी तोडता येते, आदळताना तोडता येते, आदळल्यानंतरही तोडता येते. स्टेशनात स्ट्रेचर आणि दाराशी रुग्णवाहिका तयार असणं हे त्या तिसऱ्या टप्प्याचं काम.

आमच्या त्या स्टेशनात भगदाडाच्या बाजूला गेल्या वर्षी सरकता जिना झाला. मावशी आता सकाळी त्यानेच जातात. मी विचारलं तर हसल्या, "आता गुडघ्यांची तक्रार नाही." रात्री परतताना मात्र तो जिना बंद असतो. तेव्हा त्या पिशवी काखेत मारतात, भिंतीच्या कडेला हात टेकवतात आणि दोन्हीकडे नीट बघून रुळात उतरतात.